फ्लॉसीने अर्धा सांगितलेला निरोप

वसईकडच्या वटार गावात फ्लॉसी लोपीसला सगळे ‘इटलीवाली फ्लॉसी’ म्हणत. इटली पाहिलेली माणसं गावात कमी नव्हती. फादर होते, सिस्टर होत्या, तीर्थयात्रेला जाऊन फोटो काढून आलेले तर घरोघर होते. पण तिथे आठ वर्षं राहून, एका म्हाताऱ्या बाईचं न्हाणंधुणं करून, तिथल्या बाजारात भाजीवाल्याशी भांडून परत आलेली ती एकटीच.

ती गेली २००४ साली. केळीवर रोग पडून नवऱ्याच्या, फर्डिनंडच्या वाडीतून सलग दोन वर्षं काही हाती लागलं नव्हतं आणि नव्या घराच्या भिंती छपराविना उभ्या होत्या. मुलगा डिलन पाच वर्षांचा होता. निघताना तो शेजारच्या अंगणात खेळत होता आणि त्याला हाक मारायची नाही असं घरात ठरलं होतं. ती परत आली तेव्हा तो तेरा वर्षांचा झाला होता आणि आईशी बोलताना दाराच्या चौकटीकडे बघत होता. आता तो बोटीवर स्वयंपाकखान्यात असतो आणि सहा-सहा महिन्यांनी येतो.

फ्लॉसीचं इटालियन असं आलेलं होतं. पुस्तकातून नाही, तर बर्गामोच्या वरच्या डोंगरातल्या एका गावात, सिन्योरा आन्येसे नावाच्या एक्याऐंशी वर्षांच्या बाईच्या स्वयंपाकघरातून. पहिल्याच आठवड्यात दाराची घंटा वाजली आणि आन्येसे म्हणाली, “सारा इल पोस्तीनो.” सारा नावाची कोणी बाई आली असेल म्हणून फ्लॉसी दार उघडायला गेली, तर पुढ्यात पोस्टमन. मग तिच्या लक्षात आलं, की ‘सारा’ म्हणजे ‘असेल’. पोस्टमन असेल. आपण घरात बसल्या बसल्या म्हणतो अगदी तसंच. भविष्यकाळ, पण अर्थ अंदाजाचा. त्या दिवशी तिला पहिल्यांदा वाटलं, ही भाषा आपल्याला येईल.

आन्येसेचा मुलगा लिव्हिओ मिलानला होता. दर रविवारी येतो म्हणायचा आणि बहुतेक वेळा यायचा नाही. त्यामुळे त्या घरात नक्की असं काही नसायचंच. फ्लॉसी विचारायची, आज लिव्हिओ येणार का? म्हातारी कधी म्हणायची ‘फोर्से’, म्हणजे कदाचित. कधी ‘पुओ दार्सी’, म्हणजे होऊ शकतं, येईलही. कधी खांदे उडवून ‘किस्सा’, म्हणजे कोण जाणे. पहिल्या वेळी फ्लॉसी खुर्ची ओढून बसली होती, आता ही काहीतरी किस्सा सांगणार म्हणून. आणि कधी कधी म्हातारी खिडकीकडे तोंड करून नुसतं म्हणायची, ‘मागारी!’

या शब्दाने फ्लॉसीला महिनाभर छळलं. तिच्या कानाला तो ‘माघारी’ ऐकू यायचा आणि घरची आठवण यायची. शब्दकोशात त्याचा अर्थ ‘कदाचित’ असा दिला होता. पण तो सहज बोलून टाकला तरच कदाचित. श्वास सोडून म्हटला की त्याचा अर्थ, अगं, असं झालं तर आणखी काय हवं! हा फरक आन्येसेची मुलगी ओर्नेलाने तिला हाताचा पंजा छातीवर ठेवून समजावला होता. ओर्नेला तेव्हा त्याच गावातल्या वृद्धाश्रमात नर्स होती. आता ती तिथली प्रमुख होती.

हा वृद्धाश्रम एका सिस्टरांच्या संस्थेचा. दर वर्षी वसईकडच्या दोन-तीन नर्स तिथे कामाला जायच्या आणि त्यांना बोलण्यापुरतं इटालियन शिकवायचं काम फ्लॉसीचं. बुधवारी आणि रविवारी चर्चच्या हॉलात ती वर्ग घ्यायची. फळा नाही, वही नाही. ती आन्येसे व्हायची आणि पोरींनी तिला भरवायचं, उठवायचं, औषध घ्यायला लावायचं. पोरी हसत हसत शिकायच्या. दहा वर्षं हे असं चाललं होतं. गावातल्या लग्नात कोणी पाहुण्याला ओळख करून देताना ‘ह्या आमच्या टीचर’ म्हटलं, की फ्लॉसी मान खाली घालायची, पण कान तिकडेच असायचे.

त्या वर्षी मार्चमध्ये सिस्टर डायना एका मुलीला घेऊन आल्या. या सिस्टरच मुलींची निवड, कागदपत्रं सगळं बघायच्या. मुलगी सत्तावीस-अठ्ठावीसची, कुर्ता-जीन्स, पाठीवर सॅक.

“फ्लॉसी, ही ज्ञानदा. विरारला फुलपाड्याला राहते. या वर्षीपासून तिकडे भाषेची परीक्षा लागणार आहे ना, तर व्याकरण ही घेईल. बोलणं तू घे.”

ज्ञानदा अंधेरीच्या एका ऑफिसात होती. इटलीतून संगमरवर मागवणारं ऑफिस. तिथे कामापुरती भाषा लागली, मग क्लास, मग मोबाइलवर रोजचा सराव, मग परीक्षा. ऑफिस बंद पडलं, भाषा राहिली.

“किती वर्षं लागली तुम्हांला?” फ्लॉसीने विचारलं.

“दीड वर्ष. आणि आंटी, मला अहोजाहो कशाला?”

दीड वर्ष! फ्लॉसीने मान डोलावली. त्या दुपारी घरी जाऊन तिने मासळी साफ करताना फर्डिनंडला सांगितलं, “दीड वर्षात शिकली म्हणते. फोनवर.” फर्डिनंड म्हणाला, “हुशार असेल.” तिने सुरी अशी आपटली की तो उठून वाडीत निघून गेला.

ज्ञानदाचा तिसरा की चौथा तास होता, तेव्हा तिने भिंतीवर एक मोठा रंगीत तक्ता लावला. वर हिरवं, खाली लाल, मध्ये पिवळ्या-केशरी पट्ट्या. सगळ्यात वर ‘चेर्तो’, म्हणजे नक्की, शंभर टक्के. त्याखाली ‘प्रोबाबिले’, संभव आहे, सत्तर-ऐंशी टक्के. मग ‘पोस्सीबिले’, शक्य आहे. मग ‘फोर्से’ आणि ‘पुओ दार्सी’, पन्नासच्या आसपास. त्यांच्या खालच्या पट्टीत ‘मागारी’. मग ‘इंप्रोबाबिले’ आणि तळाला लाल पट्टीत ‘इंपोस्सीबिले’.

“पेशंटच्या घरचे विचारतात, बाबा बरे होतील का? तर तुम्ही यातला नेमका शब्द उचलायचा,” ज्ञानदा म्हणाली. “चुकून वरचा उचलला तर ते आशेवर बसतील. आणि एक गंमत सांगू? इटालियन लोक आपल्यासारखाच भविष्यकाळ वापरतात. ‘सारा आ काझा’, म्हणजे तो घरी असेल. सेम मराठी!”

“अय्या, खरंच की!” पोरी म्हणाल्या.

मागच्या खुर्चीवर फ्लॉसी बसली होती. ‘असेल’चं तिने याच पोरींना जानेवारीतच सांगितलं होतं. पोस्टमनच्या गोष्टीसकट सांगितलं होतं आणि त्या हसल्याही होत्या. पण तेव्हा तो तक्त्यावर नव्हता. आता पोरी मोबाइल काढून तक्त्याचे फोटो घेत होत्या. तिच्या बोलण्याचा फोटो कुणी कसा घेणार?

मग ज्ञानदाने व्हिव्हियनला उभं केलं. व्हिव्हियन ही नंदाखाल गावची, वर्गातली सगळ्यात कष्टाळू मुलगी. घरी तीन वर्षांची लेक. डॉक्टर बहुतेक उद्या येतील, असं म्हणायचं होतं.

“ए प्रोबाबिले के व्येने दोमानी,” व्हिव्हियन म्हणाली.

“के वेन्गा,” ज्ञानदाने दुरुस्त केलं.

“आंटींनी ‘व्येने’ शिकवलंय.”

फ्लॉसीला गालांवर ऊन पडल्यासारखं वाटलं. “माझी म्हातारी असंच बोलायची,” ती म्हणाली.

“बोलतात हो आंटी, तिकडे खेड्यांत बोलतात तसं,” ज्ञानदा अगदी सरळ मनाने म्हणाली. “पण परीक्षेत मार्क जातील. हे बघा, आपण ‘आला’ म्हणतो तेव्हा डोळ्यांनी बघितलेलं असतं. ‘आला असावा’ म्हणतो तेव्हा अंदाज. तसंच ‘व्येने’ म्हणजे बघितलेलं आणि ‘वेन्गा’ म्हणजे अंदाजाचं.”

किती सोपं सांगितलं! फ्लॉसीलासुद्धा ते एका झटक्यात समजलं आणि समजलं म्हणूनच जास्त झोंबलं. आठ वर्षं ती हे दोन्ही शब्द ऐकत होती. दोन वेगळे शब्द का आहेत, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ‘खेड्यांत’ हा शब्द तर तिच्या घशाशी काट्यासारखा राहिला. त्याच खेड्यात राहायला ती आपल्या पोराला सोडून गेली होती. आणि ही मुलगी आईच्या हातचा डबा खाऊन, फोनवर बोटं फिरवून शिकली आणि आता शुद्ध-अशुद्ध ठरवत होती.

तेव्हापासून तिला ज्ञानदाचं सगळंच खुपायला लागलं. तिचे रंगीत पेन, तिचं वेळेवर येणं, तास संपल्यावर पोरींनी तिच्याभोवती घोळका करणं. ज्ञानदा तिच्या तासालाही येऊन बसायची, फोन समोर ठेवून. फ्लॉसीला वाटायचं, चुका टिपून घेतेय.

जूनमध्ये व्हिडिओवर मुलाखती झाल्या. पलीकडे ओर्नेला. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. फ्लॉसीला पाहताच ती ओरडली, “फ्लोस्सी मिया!” माझी फ्लॉसी! पोरींकडे बघून फ्लॉसी थोडी ताठ बसली. पण नंतरचा पाऊण तास ओर्नेला ज्ञानदाशीच बोलत राहिली. परीक्षेबद्दल, कायद्याच्या कागदांबद्दल, नर्सना काय जड जाईल त्याबद्दल. असे शब्द, जे आन्येसेच्या स्वयंपाकघरात कधी आलेच नव्हते. फ्लॉसी मधे दोनदा काही बोलायला गेली आणि थांबली. व्हिव्हियन आणि आणखी दोघी निवडल्या गेल्या. सप्टेंबरला निघायचं होतं.

एक गोष्ट फ्लॉसीने कोणालाच सांगितली नव्हती, फर्डिनंडलाही नाही. ओर्नेलाने गेल्या नाताळात म्हटलं होतं, की या मुलींबरोबर वर्षभर राहील, त्यांना सगळं समजावून देईल, डॉक्टरांपुढे त्यांच्या वतीने बोलेल अशी एक बाई आम्हांला हवी आहे. फ्लॉसी तेव्हापासून वाट बघत होती. आता डिलन मोठा झाला होता. ती पुन्हा तिथे जाईल आणि या वेळी म्हातारीची बाई म्हणून नाही, तर टीचर म्हणून. तिने कपाटातला जाड कोट काढून उन्हात वाळतही टाकला होता. फर्डिनंडने विचारलं तर म्हणाली, वास येतोय.

जुलैतल्या एका मंगळवारी, सकाळी ती केळफूल सोलत असताना ओर्नेलाचा आवाजी निरोप आला. बोटं चीक लागून काळी झाली होती, तिने कोपराने फोन पुढे ओढला.

‘फ्लोस्सी, माझी लाडकी, तुझे गुडघे कसे आहेत? ऐक. ती तुमची ज्ञानदा. मागारी पोतेस्से वेनीरे लेई! तिला येता आलं तर! तूच विचार तिला. मी थेट विचारलं तर बिचारीला नाही म्हणायला अवघड जाईल. ती हो म्हणाली की मी लगेच कागद करते. मला शुक्रवारपर्यंत कळव.’

फ्लॉसीने तो तीनदा ऐकला. दुसऱ्या वेळी आपलं नाव पुढे कुठे येतं का, ते ऐकलं. तिसऱ्या वेळी फक्त गुडघ्यांचं ऐकलं. ओर्नेलाने तो ‘मागारी’ असा उच्चारला होता, की तिचा पंजा छातीवर गेला असणार, हे फ्लॉसीला दिसलं. हाच शब्द आपल्यासाठी कुणी असा म्हणावा म्हणून ती सहा महिने फोनकडे बघत होती.

बुधवारी तास संपल्यावर तिने ज्ञानदाला थांबवलं. हॉलच्या पायरीवर दोघी उभ्या होत्या.

“ओर्नेलाचा निरोप आहे. मुलींबरोबर वर्षभर तिकडे राहायचं. तुझं नाव घेतलंय.”

ज्ञानदाचा चेहरा उजळला. “माझं? आंटी, खरंच? काय म्हणाल्या? नेमकं काय म्हणाल्या?”

“म्हणाली, मागारी.”

“मागारी? म्हणजे...” ज्ञानदाचं हसू मावळलं. “पुढे काय होतं? क्रियापद कुठलं होतं?”

“तुझं ते क्रियापद-बियापद मला कळत नाही, बाय,” फ्लॉसी म्हणाली. पोरीबाळींना मायेने म्हणायचं ते ‘बाय’ तिने त्या मुलीला पहिल्यांदाच म्हटलं आणि तेही असं. “तुझ्या तक्त्यात कुठे आहे तो?”

“पन्नासच्या खाली.”

“मग तेवढंच.”

ज्ञानदा पायरीवरची फुटकी फरशी बघत राहिली. मग म्हणाली, “मला हैदराबादला एक काम आलंय. भाषांतराचं. जायची इच्छा नाहीये तितकी. पण चाळीस टक्क्यांवर कुणाला किती दिवस थांबवणार? तुम्हांला काय वाटतं आंटी? तुम्ही ओळखता त्यांना.”

“मी काय सांगू? किस्सा.”

शुक्रवारी ओर्नेलाचा पुन्हा प्रश्न आला: काय म्हणाली? फ्लॉसीने लिहिलं, “नॉन सो. फोर्से नो.” माहीत नाही. कदाचित नाही. मग फोन पालथा ठेवला. कुठेच तिने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. मागारी म्हणालीच होती ओर्नेला. आणि ज्ञानदाला हैदराबादला जायचंच होतं, मग कदाचित नाहीच. आपलं काय चुकलं, असं ती दोन दिवस स्वतःला समजावत राहिली. रविवारी चर्चमध्ये कम्युनियनला सगळे उठले, ती मात्र जागेवरच बसून राहिली; मनावर पाप असताना तो प्रसाद घ्यायचा नसतो. शेजारच्या बाईने खूण केली, तर गुडघ्याकडे बोट दाखवलं.

सोमवारी ओर्नेलाचं उत्तर आलं. फार वाईट वाटलं म्हणाली. रुमानियाची एक बाई विचारून ठेवली आहे, तिलाच आता हो म्हणते. फ्लॉसीला विचारते, असं त्यात कुठेच नव्हतं. ज्ञानदा नाही, तर आपण, हे गणित फक्त फ्लॉसीच्याच डोक्यात होतं.

दोन दिवसांनी व्हिव्हियन तिच्या घरी आली, लेकीला कडेवर घेऊन. ओटीवर बसली आणि एकदम रडायला लागली.

“ज्ञानदा टीचर म्हणाल्या होत्या, कदाचित मी येईन तिकडे. आता नाही येत म्हणे. आंटी, मी त्यांच्या भरवशावर होते. मला बोलायला जमतं, पण ऐकायला नाही जमत. तिकडे डॉक्टर भराभर बोलले आणि मी चुकीचं औषध दिलं तर? ती रुमानियाची बाई मला मराठीत थोडीच सांगणार आहे? घरचे म्हणतात नको जाऊस. मलाही वाटतंय, नको.”

लेक ओटीवरच्या केळ्याच्या घडाला हात लावत होती. फ्लॉसीने तिला एक सोलून दिलं. तिला स्वतःचा पहिला हिवाळा आठवला. आन्येसेला चक्कर आली होती आणि दवाखान्यात तरुण डॉक्टर काहीतरी विचारत होता, पुन्हा पुन्हा, दर वेळी आणखी मोठ्याने. ती नुसती ‘सी, सी’ म्हणत राहिली होती. तो काय विचारत होता ते तिला दोन वर्षांनी समजलं. विचारत होता, ही बाई पडली होती का? पडली नव्हती. आणि ही हो, हो म्हणत होती. नको त्या तपासण्यांपायी म्हातारीला चार दिवस तिथे ठेवलं होतं.

“जा तू,” ती व्हिव्हियनला म्हणाली. “आधी मला एक काम करू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाची बस धरून ती विरार स्टेशनला उतरली, पूल चढून पूर्वेला गेली आणि रिक्षाने फुलपाड्याला. इमारतीखाली पाण्याचा टँकर लागला होता, पाइप जिन्यातून वर गेला होता. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं ज्ञानदाच्या आईने, सरोजिनीताईंनी.

“अगंबाई, तुम्ही फ्लॉसी आंटी ना? आवाजावरून ओळखलं असतं मी. या घरात रोज तुमचाच आवाज असतो.”

फ्लॉसीला कळेना.

“ज्ञानू तुमचं बोलणं फोनवर भरून आणते ना. मग भांडी घासताना, कपडे वाळत घालताना तुमच्यामागून बोलत राहते. म्हणते, मला येतं ते पुस्तकातलं; आंटींसारखं तोंडात यायला हवं. मी म्हटलं, इतका त्रास करून घेतेस तर सरळ विचार की त्यांना. तर म्हणते, त्या माझ्यावर नाराज असतात.”

आतून ज्ञानदा आली. हैदराबादची बॅग अर्धी भरलेली होती. फ्लॉसी सोफ्याच्या कडेला टेकली. येताना तिने बोलायचं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवेना. तिने फोन काढला आणि ओर्नेलाचा निरोप लावला.

ज्ञानदाने ऐकला. हात पुढे करून निरोप मागे नेला आणि परत ऐकला.

“पोतेस्से,” ती सावकाश म्हणाली. “आंटी, ‘मागारी पोतेस्से’ आहे हे. हे कदाचित नाहीये. त्यांना मी हवी होते.”

“हो.”

“तुम्हांला क्रियापद कळलं नाही म्हणून...”

“क्रियापदाचं नाव मला माहीत नाही. अर्थ माहीत होता. त्या दिवशीच माहीत होता.”

सरोजिनीताई चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबल्या.

“का?” ज्ञानदाने विचारलं.

फ्लॉसीने फोनच्या काचेवरून अंगठा फिरवला. “मला जायचं होतं,” ती म्हणाली. “आणि तू आल्यापासून मला कुणी विचारेनासं झालं. माझ्याकडे तेवढंच होतं गं. त्यासाठी मी फार दिलंय. तू दीड वर्षात घेऊन आलीस ते.”

“म्हणून तुम्ही माझं वर्ष घेतलंत?”

ज्ञानदा रडली नाही की ओरडली नाही. उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरीच म्हणाली, “मी तुमच्या प्रत्येक तासाला बसायचे. मला वाटायचं, असं बोलायला मिळावं म्हणून मीही कुणाच्या तरी स्वयंपाकघरात राहायला हवं होतं. मला तुमचा हेवा वाटायचा, आंटी. पण मी तुमचा निरोप अडवला नसता.”

मनात खोल कुठेतरी फ्लॉसीला त्या वाक्यातला एक तुकडा गोड लागला आणि लागला म्हणून तिला स्वतःचीच किळस आली. ती म्हणाली, “आता फोन लाव ओर्नेलाला. माझ्यासमोर लाव. काय ते मी सांगते.”

फोन लागला. फ्लॉसीने इटालियनमध्ये सांगितलं, आडपडदा न ठेवता. सांगायला चार वाक्यं पुरली. पलीकडून ओर्नेला फक्त म्हणाली, “कापीस्को.” समजलं. आणि “ज्ञानदाकडे दे.”

बाकीचं त्या दोघींचं बोलणं झालं. रुमानियाच्या बाईला शब्द दिला होता, तो डिसेंबरअखेरपर्यंत मोडता येत नव्हता. जानेवारीपासून ज्ञानदा, वर्षभरासाठी, नक्की. ज्ञानदाने बॅगेतले कपडे परत कपाटात ठेवले. फ्लॉसी निघाली तेव्हा चहा तसाच होता. सरोजिनीताई जिन्यापर्यंत आल्या आणि तिथूनच वळल्या.

व्हिव्हियन सप्टेंबरमध्ये गेली. जाण्याआधी फ्लॉसीने तिला सांगितलं, “तिकडे अडलीस की मला लाव फोन. भांडी घासत असले तरी उचलेन.” आणि व्हिव्हियनने लावले. पहिल्या महिन्यात तर रोज. कधी एखादी नर्स स्क्रीनवर येऊन भराभर बोलायची, फ्लॉसी वाडीत केळीच्या पानांखाली उभी राहून ऐकायची आणि व्हिव्हियनला मराठीत सांगायची. एकदा एका आजोबांच्या मुलीने विचारलं, बाबा नाताळपर्यंत राहतील का? व्हिव्हियनला काय बोलावं सुचेना. फ्लॉसीने डॉक्टरांचं म्हणणं नीट दोनदा ऐकून घेतलं आणि मग तिच्या तोंडी शब्द दिला: ‘पोस्सीबिले’. त्याच्या वरचा नाही, खालचाही नाही. आजोबा अठरा डिसेंबरला गेले. त्या मुलीने व्हिव्हियनचे हात धरून आभार मानले, की तुम्ही आम्हांला फसवलं नाहीत.

वर्ग या काळात दोघी घेत होत्या. ज्ञानदा वेळेवर यायची, शिकवायची, कामापुरतं बोलायची. फ्लॉसीच्या तासाला मात्र ती आता बसत नसे. एका बुधवारी फ्लॉसीने तक्ता मागितला, उतरवून घ्यायला. तू गेल्यावर मला लागेल म्हणाली. “इथेच बसून उतरवा,” ज्ञानदा म्हणाली. “यात नुसते आकडे आहेत, वाक्यं नाहीत. वाक्यं तुम्ही घाला.” तीन दुपारी फ्लॉसीने हॉलात बसून दोनशे पानी वहीत तो उतरवला. ‘मागारी’पाशी आल्यावर तिने दोन अर्थांचे दोन रकाने आखले. ज्ञानदाने ते पाहिलं, पेन घेतलं आणि भिंतीवरच्या तक्त्यातही तसेच दोन केले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ज्ञानदा गेली. विमानतळावर पोचवायला फ्लॉसीला कोणी बोलावलं नाही.

मग व्हिव्हियनचे फोन कमी झाले. आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, तोही लेकीबद्दल, तब्येतीबद्दल. अडण्यासारखं तिकडे आता काही राहिलं नव्हतं. एका रविवारी तिने फोटो पाठवला: आश्रमाच्या स्वयंपाकघरात ओर्नेला आणि ज्ञानदा पीठ मळताहेत, दोघींच्या कोपरापर्यंत पीठ. ओर्नेलाने फ्लॉसीला त्या दिवसानंतर निरोप पाठवला नव्हता. फ्लॉसीने दोन बोटांनी फोटो मोठा केला, ज्ञानदाच्या चेहऱ्यापाशी आणला आणि बराच वेळ बघितला. छातीत तेच जुनं काहीतरी वर आलं, तसंच, जराही न झिजलेलं. आपण बदललो, असं तिला वाटायला लागलं होतं गेले काही महिने.

“काय गं, कोणाचा फोटो?” फर्डिनंडने विचारलं.

“ज्ञानदाचा. ओर्नेलाबरोबर.”

“मजेत आहे?”

“दिसतेय तर.” तिने व्हिव्हियनला उत्तर टाकलं, ‘छान’, आणि खाली लिहिलं, ‘तिला म्हणावं, पीठ सैल झालंय.’ मग ती वही घेऊन हॉलाकडे निघाली. नव्या वर्गात नऊ पोरी होत्या आणि त्यांना आज ‘वेन्गा’ सांगायचं होतं.